काच घासू नका, पाणी उतरवा

काच पुसून झाली, जरा मागे सरून बघितलं आणि उजेडात पट्टेच पट्टे दिसले, की बहुतेक जण पुन्हा स्प्रे मारतात आणि दुप्पट जोर लावून घासतात. माझ्या मते सगळी मेहनत तिथेच वाया जाते. मळ पाण्यात सुटतो, आणि ते मळकं पाणी वाळायच्या आत काचेवरून उतरवावं लागतं. काचेवरच वाळू दिलं तर पाण्यातले क्षार आणि साबण मागे राहतात. पट्टे म्हणतो ते हेच.

म्हणूनच खिडकीवर ऊन असताना हे काम काढू नये. तापलेल्या काचेवरचं पाणी हात फिरवेपर्यंत उडून जातं. साबणही नावालाच हवा. अर्ध्या बादलीला भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब पुरतात. भरपूर फेस म्हणजे भरपूर सफाई, ही समजूत डोक्यातून काढाच.

त्याआधी जाळी, चौकट आणि सरकत्या खिडकीचं चॅनेल कोरड्या ब्रशने झाडून घ्या. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते काचेवर रगडले गेले तर चरे पडतात, आणि पडलेला चरा पुसून जात नाही.

खरं काम करतो तो रबरी पट्टीचा, हातात धरायचा वायपर. एत्तोरे स्तेक्कोने हा इटलीहून अमेरिकेत गेलेला माणूस स्वतः खिडक्या पुसायचं काम करायचा. त्याने 1936 साली एका रबरी पातीच्या हलक्या वायपरचं पेटंट घेतलं. आजचे वायपर साधारण त्याच धाटणीचे असतात. ओल्या काचेची वरची कड फडक्याने बोटभर कोरडी करा. तिथे रबर टेकवा आणि थोडं कलतं धरून एका दमात खाली आणा. मध्ये थांबलात की तिथे रेघ उमटते. प्रत्येक वेळी खाली आलं की रबर पुसायचं, हे लोक हमखास गाळतात. कडेचे थेंब मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपा. तो फडका मात्र फॅब्रिक कंडिशनरमध्ये बुडवलेला नको, नाहीतर त्याचा थर काचेवर येतो.

वर्तमानपत्राचं कौतुक मला पटत नाही, त्याची शाई चौकटीला लागते. व्हिनेगर खाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या डागांवर उत्तम, पण संगमरवरी ओट्यावर सांडू देऊ नका, दगड खराब होतो. आणि ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता सगळ्यात कळकळीचं. वरच्या मजल्यावर बाहेरची बाजू पुसायला कुणालाही खिडकीच्या कट्ट्यावर उभं करू नका, घरातलं माणूस असो की कामाला येणाऱ्या ताई. लांब दांड्याचा वायपर आणा, सरकता पल्ला आत काढता येत असेल तर आत काढून धुवा. हात पोचत नसेल तेवढी काच मळकी राहिली तरी चालेल.