गिअर उशिरा पडला म्हणून बॉक्स उतरवू नका

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या गाडीवेड्या मराठी मित्रांत एक मेसेज सध्या फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) पळवलेल्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर उशिरा पडला किंवा गिअर बदलताना आरपीएम उसळलं, तर क्लच प्लेटा जळाल्याच. गिअरबॉक्सचं तेल काळपट दिसलं तर शंकाच नको. गिअर पडल्यावर टॅकोचा (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरचा) काटा पुरेसा खाली येत नसेल, तर बॉक्स घसरतोय, म्हणजे आतल्या प्लेटा पकड सोडताहेत. मग बॉक्स उतरवा, नाहीतर शिफ्ट किट (गिअर झटपट पाडणारा सुट्या भागांचा संच) टाकून लाइन प्रेशर, म्हणजे बॉक्समधल्या तेलाचा दाब, कमाल करा.

यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच ते पटतं. पण हा मेसेज वाचून दोन मुलांनी आख्ख्या सीझनचे पैसे बॉक्सवर घातले आणि त्यांच्या गाड्यांचा त्रास आजही तसाच आहे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी पहिला मुद्दा, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. माझ्या एका मित्राकडे जुनी शेवरले आहे, मोठ्या कॅमचं (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या दांड्याचं) इंजिन आणि मागे टर्बो ४००. हा तीन गिअरचा बॉक्स १९६४ साली आला आणि आजही ड्रॅगवाल्यांचा लाडका आहे. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनची स्ट्रिप २०१८ मध्ये बंद झाल्यापासून आम्ही ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला जातो. तिथे त्याची गाडी सुटताना ठीक होती, पण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिन मोकळं ओरडायचं आणि मग दणकन गिअर पडायचा. घरी परतताना रस्त्यावर दुसरा गिअर हळू पायावरही उशिरा आणि झटका देऊन पडायचा. एका गॅरेजने तेल हुंगलं आणि सांगितलं, प्लेटा गेल्या, काही हजार डॉलर लागतील.

मी गाडीखाली गेलो ते डोक्यात एक साधा प्रश्न घेऊन: त्रास फक्त पूर्ण थ्रॉटलला होतो, की हळू चालवतानाही? टर्बो ४००ला इंजिनावर किती भार आहे हे व्हॅक्यूमवरून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या ओढीवरून, कळतं. बॉक्सच्या उजव्या अंगाला मागे मॉड्युलेटर नावाची डबी असते, तिला इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून रबरी नळी येते. व्हॅक्यूम पोहोचला नाही, तर बॉक्सला वाटतं की पाय पूर्ण दाबलेला आहे, आणि तो गिअर उशिरा, जोरात टाकतो. पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम तसाही जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे हा दोष स्ट्रिपवर नव्हे, रस्त्यावर दिसतो. मोठ्या कॅमचं इंजिन मुळातच कमी व्हॅक्यूम ओढतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. तिथे अॅडजस्ट होणारा मॉड्युलेटर बसवून आतला स्क्रू थोडा सैल केला की गिअर लवकर पडू लागतात.

मी नळी उपसली. तोंडातून लाल तेलाचा थेंब बोटावर आला, मग दुसरा. मॉड्युलेटरच्या आतला रबरी पडदा, डायफ्राम, फाटला होता. व्हॅक्यूमच्या नळीत ट्रान्समिशनचं तेल दिसलं की दुसरं काही तपासायची गरजच उरत नाही. इंजिन ते तेल पिऊन जाळत होतं. म्हणून गाडीखाली एक डाग नव्हता, सायलेन्सरमधून मात्र पांढरट धूर यायचा आणि डिपस्टिकवरचं तेल खुणेच्या बरंच खाली होतं. गाडी झपाट्याने सुटली की पॅनमधलं तेल मागे धावतं. ते कमी असलं तर फिल्टरचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो, प्रेशर क्षणभर कोसळतं, आणि नेमका त्याच क्षणी दुसरा गिअर मागितलेला असतो. रस्त्यावरचा झटका आणि स्ट्रिपवरचं उसळणं, दोन्हीचं मूळ त्या एका फाटक्या रबरात होतं. मॉड्युलेटर बदलला, तेल भरलं. प्लेटांना कोणी हात लावला नाही आणि गाडी त्या सीझनभर पळाली.

तेल जास्त भरलं तरी हाच त्रास होतो, कारण फिरणारे भाग त्याला घुसळून फेस काढतात. पातळी गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघायची. टर्बो ४०० पार्कमध्ये, पण क्रायस्लरचा जुना टॉर्कफ्लाइट न्यूट्रलमध्ये. आणि शिफ्टरची केबल! लिव्हर खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण आतला व्हॉल्व्ह अर्धवट राहतो, आणि प्रेशर अशा वाटेला जातं जिथे ते जायला नको. केबल काढून बॉक्सवरचा लिव्हर हाताने खाचेत टाकून बघायला पाच मिनिटं लागतात.

इलेक्ट्रॉनिक बॉक्स असेल, जसा १९९३ पासूनचा ४एल६०ई, तर उशीर बऱ्याचदा ट्यूनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, असतो. कॉम्प्युटरने हुकूम दिल्यापासून गिअर प्रत्यक्ष लागेपर्यंत वेळ जातो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन सेकंदाला २००० आरपीएमने चढत असेल आणि शिफ्टला पाव सेकंद लागत असेल, तर मधे ५०० आरपीएम वाढतात. हुकूम ६२०० ला आणि लिमिटर (इंजिनाला त्यापुढे चढू न देणारी मर्यादा) ६४०० ला असला, तर गाडी लिमिटरवर आदळून अडखळते आणि मालक म्हणतो गिअर पडत नाही. हुकूम ५८०० ला आणा, बघा काय होतं. आणखी एक खोच: मागचा अॅक्सल ४.१० गुणोत्तराचा केला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन आता जास्त फिरतं, ट्यूनमध्ये स्पीडोमीटर दुरुस्त केला, पण शिफ्टच्या वेगांचा तक्ता जुनाच राहिला. मग तो वेग यायच्या आधीच लिमिटर येतो. बॉक्स बिचारा हुकुमाची वाट पाहत असतो.

आता टॅकोचा काटा. टर्बो ४०० चं पहिलं गुणोत्तर २.४८, दुसरं १.४८. हिशोबाने ६००० ला शिफ्ट झाली तर काटा ३६०० च्या आसपास यायला हवा. पण हे कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि बॉक्समधला तेलाचा दुवा, लॉक आहे (अजिबात घसरत नाही) असं धरून. ४८०० चा स्टॉल असलेला, म्हणजे इंजिनाला साधारण तेवढ्या आरपीएमपर्यंत मोकळं चढू देणारा, कन्व्हर्टर काट्याला ४८०० च्या फार खाली येऊच देत नाही, तो त्यासाठीच बसवलेला असतो. खरी घसरण वेगळी दिसते: गिअर बदलताना इंजिनाचं आरपीएम वर जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा (बॉक्सपासून मागच्या अॅक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा) वेग वाढायचा थांबतो. शाफ्टला सेन्सर नसेल तर स्ट्रिपवर मिळणारी वेळेची चिठ्ठी घ्या. शेवटच्या रेषेवरचा ताशी मैलांतला वेग गुणिले अॅक्सलचं गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास. ११० मैल, ४.१० आणि २८ इंच म्हणजे सुमारे ५४१०; काहीच घसरलं नसतं तर रेषेवर इंजिनाचं आरपीएम इतकं असतं. तिसऱ्या गिअरमध्ये रेषेवर टॅको ५८०० दाखवत असेल तर सात टक्क्यांच्या आत घसरण आहे, मोठ्या स्टॉलच्या कन्व्हर्टरमध्ये ती सहज असते. ६५०० दाखवला तर मात्र शोधाशोध करायलाच हवी.

तेलाच्या रंगाबद्दल थोडक्यात. मोठा स्टॉल, रांगेत उभं राहणं, पुन्हा पुन्हा बर्नआउट (टायर जागेवर फिरवून तापवणं), यांनी तेल तापतं आणि लवकर काळवंडतं. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून बोटाने चोळा. काळी कचकच लागली तर प्लेटांचा माल सुटतोय. पॅनच्या चुंबकावरची बारीक करडी पेस्ट नेहमीचीच. पितळेचे तुकडे दिसले तर बुश, म्हणजे शाफ्टभोवतीचं कडं, खाल्लाय. तेल गुलाबी दुधासारखं झालं असेल तर रेडिएटरच्या कूलरमधून पाणी शिरलंय, आणि ते प्लेटांवरचं अस्तर सोडवतं, म्हणून तशी गाडी पुढे चालवू नका.

शेवटचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो: प्रेशर कमाल करा. प्रेशर मोजल्याशिवाय वाढवायचं म्हणजे ताप न बघता औषध देणं. बॉक्सला टेस्ट पोर्ट असतो. तिथे गेज लावा, लांब नळी वर आणून गेज वायपरखाली टेपने चिकटवा आणि शेजारी बसलेल्याला टॅको व गेज एकाच व्हिडिओत घ्यायला सांगा. मूळ टर्बो ४०० आयडलला सुमारे ७० पीएसआय आणि पूर्ण थ्रॉटलला १५० च्या आसपास देतो. सगळ्याच गिअरमध्ये कमी असेल तर तेल, फिल्टर, पंप किंवा रेग्युलेटर. सुटताना काटा थरथरला तर हवा. पहिल्यात नीट आणि दुसरा लागताच पडून तिथेच राहिला, तर त्या गिअरचं सील गळतंय. शिफ्ट किट प्लेटांकडे तेल लवकर पोहोचवतो, फाटलेलं सील बुजवत नाही. वरून जास्त प्रेशर म्हणजे पंपावर ताण, जास्त उष्णता आणि प्रत्येक शिफ्टला स्प्रॅगवर (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या क्लचवर) हातोडा.

बॉक्स उतरवायलाच लागतो, असंही असतं. ४एल६०ई मध्ये पहिला आणि तिसरा मिळतोय, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही गायब असतील, तर बहुतेक सन शेल (मधल्या गिअरला जोडलेलं आतलं कवच) तुटलंय. तिथे नळी, तेल, ट्यून तपासण्यात वेळ घालवू नका, सरळ बॉक्स उतरवा.