गाइडबुक पाहावं निवडून

घर बांधणं आणि लग्न करणं, एवढीच दोन कामं अवघड असं ज्यांनी सांगून ठेवलं, त्यांना परदेशी जायचं नव्हतं.

व्हिसा झाला, तिकिटं झाली, उरलं फक्त पुस्तक. पण गाइडबुकांच्या कपाटासमोर उभं राहिलं की प्रत्येक पुस्तक आधी आपलीच चौकशी करतं: तुम्ही नक्की कोण? 'लोनली प्लॅनेट'च्या व्हीलर दांपत्याने 1973 मध्ये आशिया स्वस्तात कसा ओलांडावा, इथून सुरुवात केली. माझे गुडघे त्याहून जुने आहेत. 'डीके'ची पुस्तकं राजवाडे मधोमध कापून आतले जिनेसुद्धा दाखवतात. इतकं घरबसल्या दिसल्यावर जायचं कशाला? शिवाय त्या गुळगुळीत कागदाचं वजन! बॅगेत एकतर ते तरी राहील, नाहीतर माझे कपडे.

मिशेलिनच्या हिरव्या पुस्तकात तारे असतात. तीन तारे म्हणजे खास प्रवास करून जावं असं, दोन म्हणजे वाट वाकडी करून, एक म्हणजे बघायला बरं. बायकोला ही पद्धत इतकी पटली की तिने ती नातेवाइकांना लावून पाहिली. वाट वाकडी करण्याजोगं माझ्याकडचं कोणी निघालं नाही.

साडूंनी आपली 12 वर्षांपूर्वीची प्रत प्रेमाने देऊ केली. "अहो, चर्चं काय हलतात का?" चर्चं हलत नाहीत, पण त्यांच्या वेळा हलतात, तिकिटं हलतात आणि शेजारचं हॉटेल तर कधीच उठून गेलेलं असतं. म्हणून मी आधी पुस्तकाच्या सुरुवातीचं बारीक टायपातलं पान वाचतो. तिथलं साल छपाईचं. माहिती गोळा केली ती त्याच्याही बरीच आधी.

दुसरी परीक्षा माझी स्वतःची. त्याच मालिकेत आपल्या शहरावर काय लिहिलंय ते बघायचं. एका पुस्तकात, जो चौक मी रोज जीव मुठीत धरून ओलांडतो, तिथे 'सायंकाळी निवांत फेरफटका मारावा' असा सल्ला होता. ते तिथल्या तिथे परत ठेवलं.

अखेर एक मिळालं. जाणकार म्हणतात, अख्खं पुस्तक वाहू नये, हवी तेवढीच पानं फाडून न्यावीत. बायकोला संग्रहालयं हवीत, मला बसायची बाकं आणि स्वच्छतागृहं. दोन्ही एकाच पानाच्या पाठपोट छापलंय.