‘एलईडीला करंटच लागत नाही’ म्हणे!

कॅम्पर व्हॅन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी, बांधणाऱ्यांमध्ये सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. आतल्या दिव्यांवर खर्च करू नका, पाच मीटरची एलईडी पट्टी आणून थेट बॅटरीला जोडा, एलईडीला करंटच लागत नाही म्हणून फ्यूजही नको; उरलेल्या जागी इन्व्हर्टरवर (बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरासारखे २३० करणारी पेटी) घरचेच ९ वॉटचे बल्ब लावा, असा सल्ला. मला तो तिघांनी पाठवला. त्यातला एक चक्क ऑटो इलेक्ट्रिशियन आहे.

त्यातलं खरं आधी मान्य करतो. जुन्या कॅम्परमधला फिलामेंटचा बल्ब साधारण १८ वॉटचा. तसे सहा बल्ब रात्री चार तास लावले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३६ अँपिअर-तास (एक अँपिअर करंट तासभर, हे बॅटरीच्या साठ्याचं माप) जातात. ३ वॉटचे सहा एलईडी लावले तर ६. शंभर अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं, तर हातात ५०च उरतात. त्यातले ३० वाचले, ही काही थोडकी बचत नव्हे.

पण ‘करंटच लागत नाही’? मीटरला साठ दिवे असलेली ५०५० जातीची (५ मिमी चौरस दिव्यांची) पट्टी मीटरमागे १४.४ वॉट घेते. पाच मीटरचे झाले ७२ वॉट, म्हणजे ६ अँपिअर. चार जुन्या बल्बांइतके! छतभर पट्टी फिरवली की बचतीचं गणित तिथेच आटोपलं.

फ्यूज नको म्हणणं तर मला गुन्हाच वाटतो. दिवा किती करंट खातो याच्याशी फ्यूजचा संबंध नाही. तो वायरीसाठी असतो. व्हॅन रोज हादरे खाते. पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) न लावता वायर ओढली, तर धारेवर घासून तिचं आवरण फाटतं आणि तांबं बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या बॉडीला टेकतं. त्या क्षणी बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, आणि वायर प्लायवूड नि फोमच्या मागे लाल होते. बॅटरीच्या प्लसजवळच, वायरीच्या जाडीला शोभेल असा, दिव्यांच्या सर्किटला बहुधा ५ किंवा १० अँपिअरचा ब्लेड फ्यूज बसवा. किंमत चहाएवढी.

‘थेट बॅटरीला’ हा सल्ला मी स्वतः पाळून बसलोय. मुलं मागे वाचत होती म्हणून प्रवासभर पट्टी चालू ठेवली. दोन सहलींत दिवे मेले, तेही तीन-तीनच्या गटाने. कारण नंतर कळलं. स्वस्त पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर (करंट अडवणारा तुकडा) एका माळेत असतात. एलईडी साडेनऊ व्होल्टच्या आसपास घेतात, उरलेले रेझिस्टरवर पडतात. १२ व्होल्टला ते अडीच. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) १४ च्या वर जातो, तेव्हा जवळजवळ दुप्पट. करंटही त्याच मापाने चढतो. म्हणून ‘१० ते ३० व्होल्ट’ असं लिहिलेले, आत ड्रायव्हर (करंट स्थिर ठेवणारं सर्किट) असलेले दिवे घ्या. अगदी स्वस्त ड्रायव्हरने रेडिओ खरखरतो, तेवढं दुकानातच तपासा. मोठ्या बसवर कॅम्पर बांधताय, तर आधी बॅटरीला व्होल्टमीटर लावा: तिथे बहुतेक २४ व्होल्ट असतात, आणि १२ व्होल्टची पट्टी लावताच जळते.

इन्व्हर्टरवर घरचा बल्ब? काहीच जोडलेलं नसताना नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर १० वॉटच्या आसपास पितो. चोवीस तासांत २० अँपिअर-तास! वरच्या सहा एलईडींच्या चार तासांच्या तिप्पट. शिवाय पत्र्याच्या गाडीत २३० व्होल्ट खेळवायचे, तेही दिव्यासाठी.

‘लख्ख पांढरा’ उजेड हवा, असंही त्या फॉरवर्डमध्ये म्हटलंय. ओट्यावर ठीक. पण पावसाळ्यात कोकणात दार उघडं ठेवून तो लावून पाहा. किडे आत, तुम्ही बाहेर. झोपायच्या जागी मी पिवळसर, २७०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका पिवळा) लावलाय. किडे त्यालाही येतात, पण निदान जेवणाच्या ताटात कमी पडतात.