वाकाल तर जाल

सेगवे, म्हणजे उभ्यानं चालवायची दोन चाकांची विजेवरची गाडी, चालवायला डोकं लागत नाही, असं सहलवाले सांगतात. खरंच लागत नाही. लागतं ते शरीर, आणि तेही गप्प उभं राहणारं. सातारकराचं शरीर तेवढं सोडून बाकी सगळं करतं. बोलताना त्याला हात लागतात, ऐकताना पुढं वाकावं लागतं, नवल वाटलं की मागं रेलावं लागतं, आणि वडीलधारं कुणी समोर आलं की कंबर आपोआप लवते. जमिनीवर याला अगत्य म्हणतात. दोन चाकांच्या या पाटावर मात्र यातल्या प्रत्येक हालचालीचा अर्थ ‘चल’, ‘थांब’ किंवा ‘वळ’ असा लावला जातो, आणि अंमलबजावणी ताबडतोब होते. आपल्याकडच्या कुठल्याच कारभारात इतकी तत्परता नसल्यामुळं माणूस बावचळतो.

सिंगापूर, दुबई करून झालेली मंडळी आता भूमध्य समुद्रातल्या माल्टा देशापर्यंत पोचतात आणि तिथं त्यांच्या वाट्याला गोझो बेटावरची सेगवे सहल येते. बेट तसं आटोपशीर, ६७ चौरस किलोमीटरचं. आपल्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावेल. माल्टाच्या चिरकेव्वा धक्क्यावरून मोठी बोट निघते आणि पंचवीसेक मिनिटांत पलीकडं सोडते. पुढं दगडी गावं, रचलेल्या दगडांचे बांध, बांधावर फड्या निवडुंग आणि जाल तिकडं शेवटी समुद्र. वाहनं डाव्या बाजूनं चालतात, हा एक दिलासा. सेगवेला हॉर्न नसतो, हा त्यावरचा उतारा. सातारकराचा अंगठा पहिली दहा मिनिटं दांड्यावर हॉर्न शोधत फिरतो.

आधी यंत्र समजून घ्या, कारण मार्गदर्शक हे सगळं पाच मिनिटांत आणि त्याच्या इंग्रजीत सांगतो. डीन केमन या अमेरिकन संशोधकानं ३ डिसेंबर २००१ रोजी ते जगाला दाखवलं. सहलींमध्ये बहुतेक ‘आय टू’ जातीचं यंत्र मिळतं, खडबडीत वाटेसाठी जाड टायरचं ‘एक्स टू’. ‘आय टू’चं वजन जवळपास ४८ किलो, वेग जास्तीत जास्त ताशी २० किलोमीटर. पाटाच्या आत पाच जायरो (फिरणं ओळखणारे संवेदक) आणि कल मोजणारे दोन संवेदक असतात आणि ते सेकंदाला शंभर वेळा तुमचा तोल तपासतात. तुम्ही पुढं झुकलात की तुम्ही पडणार, असं यंत्राला वाटतं आणि ते बिचारं चाकं पुढं पळवून तुमच्या खाली येऊन उभं राहतं. तुम्ही झुकलेलेच राहिलात तर ते पळतच राहतं. सेगवेचं चालणं म्हणजे एवढंच: तुम्ही पडत राहायचं आणि त्यानं झेलत राहायचं. वळायचं असेल तर उभा दांडा त्या बाजूला कलवायचा. ब्रेक नाही, गिअर नाही, अॅक्सिलरेटर नाही. जे काही आहे ते तुमच्या टाचा आणि चवडे.

पहिली परीक्षा मात्र वजनकाट्यावर होते. चालवणाऱ्याचं वजन ४५ ते ११८ किलोच्या मधलं लागतं. वरची मर्यादा मोटारीच्या ताकदीसाठी आहे, ते लगेच पटतं. खालची मर्यादा कुणाला पटत नाही, म्हणून सांगतो: हलका माणूस मागं रेलला तरी त्याचा भार पुरेसा मागं जात नाही, आणि उतारावर यंत्र थांबवायला तोच भार लागतो. त्यामुळं एरवी वजन कमी सांगणाऱ्या घराण्यातली त्रेचाळीस किलोची मुलगी तिथं पहिल्यांदाच सत्तेचाळीस सांगते. तसं करू नका, काटा समोरच असतो. आणि ११८मध्ये पाठीवरची पिशवीही धरतात. तिकडच्या मित्रमंडळींसाठी नेलेले कंदी पेढे सहलीला निघण्याआधी पोचवून टाकावेत. पिशवी दांड्याला अडकवायचा विचार तर मनातही आणू नका. दांडा हेच सुकाणू आहे, आणि उजवीकडं दोन किलो लटकवले की यंत्र दिवसभर उजवीकडं ओढ घेतं.

जबाबदारीचा कागद सही करण्याआधी वाचा. प्रवासविम्यात असला प्रकार धरलाय का, तेही साताऱ्यातनं निघण्याआधी विचारून ठेवा. सपाट तळाचे, बंद बूट घाला. चप्पल नको, ओढणी नको, आणि हेल्मेटखाली केसांचा मोठा चाप तर अजिबात नको; तो तासाभरानं टाळूत रुततो.

आता चढणं. इथं थोडं थांबतो, कारण सगळी गंमत इथंच होते.

मार्गदर्शक समोर उभा राहून दांडा धरतो. यंत्र सरळ उभं झालं की दिवे हिरवे होतात. त्याआधी चढायचं नाही. जून २००३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश सेगवेवरून उलटले, तेव्हा यंत्र चालूच झालेलं नव्हतं. दिवे हिरवे दिसले की एक पाय पाटावर ठेवायचा आणि दुसरा लगेच, पण सावकाश. पाटावरच्या रबरी चटईखाली दाब ओळखणारी बटणं असतात. पूर्ण पाऊल टेकलं की यंत्राला कळतं, स्वारी आली. इथं आपला माणूस दोन चुका करतो. एक पाय ठेवून दुसरा जमिनीवरच घुटमळवतो आणि ‘बघू, बघू’ म्हणतो. तेवढ्यात यंत्र अर्ध्या माणसाचा तोल सांभाळायला लागतं आणि जागच्या जागी गिरकी घेतं. दुसरी चूक, दांडा धरून स्वतःला वर ओढणं. दांडा ओढला की यंत्र अंगावर येतं. दांडा आधाराला नसतो, त्यावर हात नुसते ठेवायचे असतात.

दोन्ही पाय वर गेले की पहिली पंधरा-वीस सेकंदं यंत्र पुढं-मागं थरथरतं.

“अहो, हे हलतंय का?”

“ते नाही, तुम्ही हलताय.”

नवऱ्याचं हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे, पण त्या घडीला देऊ नये. होतं असं: यंत्र जरा पुढं गेलं म्हणून माणूस घाबरून मागं रेलतो, म्हणून यंत्र मागं येतं, म्हणून तो पुढं झुकतो. दोघंही एकमेकांची चूक दुरुस्त करत बसतात. उपाय एकच. पायांकडं बघायचं नाही. समोर दूरवर, गोझोत असाल तर एखाद्या चर्चच्या घुमटाकडं बघायचं, गुडघे किंचित सैल सोडायचे आणि श्वास घ्यायचा. थरथर आपोआप थांबते.

एसटीत दांडीला लटकून साताऱ्याहून कराडपर्यंत उभ्यानं गेलेल्या माणसाला वाटतं, आम्हाला तोल शिकवणार हे? गफलत इथंच होते. एसटीत ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की आपण मागं रेटा देतो. म्हणजे गाडी आधी ठरवते आणि शरीर मागनं सावरतं. सेगवेवर शरीर आधी ठरवतं. तिथं सावरायला म्हणून दिलेला प्रत्येक रेटा हा नवा हुकूम असतो. वर्षानुवर्षं एसटीनं गेलेल्यांना शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं दोन मिनिटांत गोल गोल फिरायला लागतं.

शिकाऊ मंडळींसाठी यंत्र कासवगतीत ठेवतात. छोट्या पडद्यावर कासवाचं चित्र येतं आणि वेग ताशी १० किलोमीटरला अडतो. अडतो म्हणजे कसा, तर दांडा हळूच तुमच्या छातीकडं ढकलला जातो. तो ढकलला की मुकाट्यानं मागं व्हायचं. पुष्कळ लोक इरेला पेटून दांड्यावर आणखी रेलतात, आणि हा सेगवेवरचा सगळ्यात मोठा धोका आहे. तुम्हाला झेलायला मोटारीत थोडी ताकद शिल्लक असावी लागते. ती सगळी पळण्यात संपली तर पुढं पडणाऱ्या माणसाच्या खाली यायला यंत्राकडं काही उरत नाही. मग ते थांबत नाही की थांबवत नाही. तुम्ही त्याच्या पुढं निघून जाता. जमिनीकडं. दांडा थडथडायला लागला किंवा गुरगुरल्यासारखा आवाज आला, की सगळं सोडून वेग कमी करायचा. मागं जाताना वेग वाढला तरी हेच होतं.

आता गोझोची वाट. सान लॉरेन्झ गावातून ड्वेय्राच्या समुद्राकडं उतार आहे, आणि उतार म्हटलं की सातारकराला जरा बरं वाटतं. अजिंक्यताऱ्यावरनं टाचा रोवत उतरणाऱ्याला इथं वेगळं काही शिकावं लागत नाही: भार टाचांवर, गुडघे सैल, उतरायचं सरळ, आडवं-तिरकं नाही. आडव्या उतारावर एक चाक वर, एक खाली राहतं आणि कडेला पडायचा यंत्राला काही इलाज नसतो. त्याचा तोल फक्त पुढं-मागं असतो. एक बारकी गोष्ट मात्र मार्गदर्शकही विसरतात. उतारावर मोटारी उलट्या वीज तयार करून बॅटरीत भरतात. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि यंत्र तक्रार करायला लागतं. सहलीची सुरुवातच लांब उतारानं होणार असेल तर आधी थोडा वेळ सपाटीवर फिरवायला सांगा. बॅटरी किती जुनी आहे, हेही विचारा. या यंत्रांचं उत्पादन जुलै २०२० मध्ये बंद झालं, त्यामुळं हाती येणारं यंत्र नवं असण्याचा संभव कमीच.

ड्वेय्राला एक दगडी बुरूज आहे, १६५२चा. समोर समुद्रात एक एकटा खडक आहे. त्यावर उगवणाऱ्या वनस्पतीला औषधी समजून तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सरदारांनी त्यावर पहारा बसवला होता; १७४६ पासून तिथं जायलाच बंदी होती. वनस्पतीला लोक बुरशी म्हणायचे, ती बुरशी नव्हतीच. असो. मंडळींना बघायची असते ती दगडी खिडकी, म्हणजे समुद्रातली नैसर्गिक कमान, सहलीच्या माहितीपत्रकावर रंगीत छापलेली. ती ८ मार्च २०१७ला वादळात समुद्रात कोसळली. आता मार्गदर्शक रिकामी हवा दाखवतो आणि मंडळी पैसे भरलेत म्हणून हवेचेही फोटो काढतात.

आणि मग तो क्षण येतो. कड्याच्या टोकाला उन्हात चमकणारा समुद्र, वायव्येचा बोचरा वारा, ज्याला तिकडं मज्जिस्ट्राल म्हणतात, आणि आपल्यातलं कुणीतरी म्हणणारच, “हे काहीच नाही. सप्टेंबरात आमच्या कासला या!” एवढ्यावर थांबलं तर ठीक. पण कास म्हटलं की सातारकराचा हात कासच्या दिशेनं वर जातो, मग तो माल्टात असो नाहीतर मलकापुरात. उजवा हात सुटला की सगळा भार डाव्या हातावर येतो, दांडा डावीकडं कलतो आणि यंत्र डावीकडं वळतं. डावीकडं रचलेल्या दगडांचा बांध असतो. माल्टात हे बांध कायद्यानं जपलेले आहेत. पाडला तर फक्त गुडघ्यावर निभावत नाही. बांधाला एकच चाक अडलं तरी दुसरं चालत राहतं आणि यंत्र गर्रकन फिरून स्वाराला निवडुंगात सोडतं. तेव्हा कासचं कौतुक उतरून करावं. तोंडी.

सुटी खडी आणि ओलं गवत यांच्यावर झुकू नका. चाक घसरलं की तोल सांभाळायला खाली काही राहत नाही. पुढच्याशी तीन मीटर अंतर ठेवा. हे सगळ्यात अवघड, कारण दोन बहिणी किंवा दोन व्याही तीन मीटर अंतरावरून बोलूच शकत नाहीत. एकानं मान वळवून “काय म्हणालात?” विचारलं की खांदा वळतो, खांद्यामागं दांडा, आणि दोघांची चाकं एकमेकांत अडकतात.

घरी सराव करायचा असेल तर भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहा. कमरेत न वाकता आख्खं अंग घोट्यातून पुढं झुकवा, भार चवड्यांवर येऊ द्या. मग तसंच टाचांवर. कंबर मोडली तर डोकं पुढं जातं आणि बूड मागं, यंत्राला दोन्ही अर्ज एकदम मिळतात आणि ते जागीच उभं राहतं. गोडोली तळ्यावर सकाळी चालणाऱ्यांनी पाच मिनिटं हे केलं तरी पुरे, लोक बघतील ती गोष्ट निराळी.

उतरताना पूर्ण थांबायचं, दांडा सरळ धरायचा, एक पाय मागं, जमिनीवर, आणि दुसरा लगेच त्याच्या मागं. पुढं उडी मारायची नाही. दोन्ही पाय खाली आल्यावरसुद्धा मार्गदर्शकाच्या हातात देईपर्यंत दांडा सोडायचा नाही. तळपाय दुखतील, सगळा वेळ बोटांनी बुटाचा तळ आवळून धरलेला असतो. परतीच्या बोटीत बूट काढून बसा.

उतरण्याआधी ग्रुप फोटोचा आग्रह होतोच. सगळे यंत्रावर, एका ओळीत, मागं समुद्र. फोटो काढणारा भाऊजी म्हणतो, “जरा जवळ जवळ या,” आणि चाकाला चाक घासतं. मग म्हणतो, “आता सगळ्यांनी थोडं पुढं झुका.” तो फोटो कधीच निघत नाही. निघतो तो भाऊजींचा, पळतानाचा, आणि तोही मार्गदर्शकानं काढलेला. फोटो यंत्रं बंद करून, बाजूला उभं राहून काढा.