लॉपटॉपमधला सेल काढू नका, तो फॉरवर्ड घात करतोय

मामांनी परवा लॉपटॉप दुकानात नेऊन उघडून घेतला, आतला सेल अर्धा तास काढून ठेवला, आणि आता चालू केला की निळ्या स्क्रीनवर 48 आकडी रिकव्हरी की मागतोय. कारण आमच्या फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: प्रत्येक लॉपटॉपमध्ये गुप्त चिप असते, बंद असतानाही तुमचं टायपिंग परदेशात पाठवते, फॉरमॅट करून जात नाही, सीमॉस सेल काढा आणि खालच्या लिंकवरून क्लीनर टाका.

आधी सेलचं, कारण नुकसान तिथेच झालंय. तो नाण्याएवढा सेल घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग सांभाळतो, बास. त्या चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्यात चालणारं सॉफ्टवेअर, मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीत असतं, सेल काढा नाहीतर वीज काढा, ते पुसलं जात नाही. सेटिंग मात्र उडते, आणि मग बिटलॉकरला, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीला, वाटतं कोणीतरी मशीनशी छेडछाड केली, की घातलं कुलूप. ती रिकव्हरी की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, मामांना त्याचा पासवर्ड आठवत नाहीये, आणि आत आजीचे सगळे फोटो आहेत.

लिंकला तर हातच लावू नका. अनोळखी माणसाची फाइल अ‍ॅडमिनची परवानगी देऊन चालवलीत तर ती तुमचं टायपिंग खरंच वाचू शकते, त्याला कुठली चिप लागत नाही. आणि ते फर्मवेअर अख्खं पुसलंच कोणी, तर बरीचशी इंटेल मशीन्स 30 मिनिटांत आपोआप बंद पडतात किंवा सुरूच होत नाहीत.

आता चिप आहे का? आहे, हे मान्य करावं लागतं. इंटेलची मॅनेजमेंट इंजिन, 2008 नंतरच्या जवळपास सगळ्या इंटेल मशीनमध्ये, वीज मिळत असेल तर मशीन बंद दिसतानाही चालू राहू शकते आणि तुम्हाला ती बंद करायचं साधं बटण दिलेलं नाही, याचा मलाही राग आहे. 1 मे 2017 ला खुद्द इंटेलनेच कबूल केलं की तिच्यावर चालणाऱ्या एएमटी या रिमोट कंट्रोलच्या सोयीत भोक आहे, लॉगिनचं उत्तर रिकामं पाठवलं तरी आत घ्यायची, आणि हे भोक कित्येक वर्षं तसंच होतं! पण एएमटी असते मुख्यतः ऑफिससाठीच्या, इंटेलच्या व्हीप्रो नावाच्या मशीनवर, तीही चालू करून ठेवलेली असेल तरच. संशोधकांनी त्याच वर्षी हे फर्मवेअर उकलून आणखी भोकं दाखवली, सगळ्यांचं टायपिंग पाठवते असं कोणी दाखवलेलं नाही.

फॉरमॅटने जात नाही हे अर्धं खरं. 2015 मध्ये लेनोवोच्या काही मॉडेल्समध्ये बायोसच विंडोजवर स्वतःचं सॉफ्टवेअर परत टाकायचं, बोंब झाली तेव्हा बायोस अपडेट देऊन काढलं. म्हणजे उपाय अपडेटच, तोही कंपनीच्या साइटवरून आणि आपल्याच मॉडेलचा, आणि त्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून.

इंटेल सोडून एएमडी कंपनीचा प्रोसेसर घ्या म्हणणाऱ्यांनो, त्यांच्यातही असाच वेगळा प्रोसेसर असतो.

दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारून देतो. मी नको म्हटलंय, आधी मामांचं अकाउंट परत मिळतंय का बघतो.