डॉल यांचे डॉलर आणि आपली पुडी

आठवडाभर अमळनेरपासून शिरपूरपर्यंत ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं : 'तंबाखूनं कॅन्सर होतो म्हणणारा इंग्रज डॉक्टर रिचर्ड डॉल हा मोन्सॅन्टो कंपनीचा पगारी माणूस. फवारणीची औषधं वाचवायला त्यानं तंबाखू बदनाम केली. आपले बापजादे तंबाखू खाऊन नव्वदीपर्यंत जगले. कॅन्सर आला तो फवारणीबरोबर.' आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यानं खाली लिहिलंय, 'आते तरी समजी ल्या भो.'

पैशांचं खरं आहे, ते आधी मान्य करतो. १९८० च्या दशकात डॉल मोन्सॅन्टोचे सल्लागार होते आणि दिवसाला १५०० डॉलरपर्यंत घेत होते. हे उघड झालं २००६ मध्ये, ते वारल्यावर वर्षभरानं.

पण तारखा बघा ना. तंबाखूचं काम १९५० चं. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांच्याबरोबर त्यांनी लंडनच्या वीस दवाखान्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि इतर आजारांचे रुग्ण यांच्या सवयी विचारून ताडून पाहिल्या. गंमत म्हणजे डॉल यांचा स्वतःचा संशय होता रस्त्यावरच्या डांबरावर आणि मोटारींवर. म्हणजे मेसेजवाल्याला आवडेल अशाच ठिकाणी! आकडे सिगारेटकडे वळले तशी त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम या संशोधकांनाही तेच दिसलं. पुढे १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं माग ठेवला : सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि ज्यांनी पन्नाशीत सोडली त्यांची त्यातली सहा वाचली. यात मोन्सॅन्टोचा काय संबंध? ती कंपनी रसायनं विकायची.

म्हणून संशय घ्यायचाच तर डॉल रसायनांबद्दल जे बोलले त्यावर घ्या. १९८५ मध्ये एजंट ऑरेंजची, म्हणजे अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या आणि मोन्सॅन्टोही बनवत असलेल्या तणनाशकांच्या मिश्रणाची, चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या आयोगाला त्यांनी त्या तणनाशकांची बाजू घेणारं पत्र लिहिलं. त्यातलं एक टू-फोर-डी. आपल्याला ते चांगलं माहीत आहे; शेजाऱ्यानं मारलं आणि वारा आपल्याकडे असला की कपाशीची पानं भेंडीसारखी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये ते 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातलं. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक आणि ग्लायफोसेट हे तणनाशक त्याहून एक पायरी वर, 'बहुधा' मध्ये. लिंडेन हे कीटकनाशक तर 'नक्की' मध्येच. डॉल आणि त्यांचे सहकारी पीटो यांनी १९८१ मध्ये प्रदूषणाच्या वाट्याला कॅन्सरचे दोनच टक्के मृत्यू टाकले होते. तो अंदाज अमेरिकेचा. खान्देशाच्या डोक्यावर तो मी आपटणार नाही.

मग मेसेज अर्धा बरोबर ना? नाही. या पायऱ्या पुरावा किती पक्का ते सांगतात, कशानं किती माणसं मरतात ते नाही. आणि 'नक्की' च्या पायरीवर चघळायची तंबाखू आहे, शेजारी नुसती सुपारीसुद्धा आहे. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना इथं १९९३ पासून फवारणी करणारे आणि त्यांच्या घरचे मिळून सुमारे ८९ हजार जणांवर नजर ठेवलीय. फवारणी करणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटसारखे काही कॅन्सर जास्त सापडले. पण एकूण कॅन्सर आसपासच्या लोकांपेक्षा कमी, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे ते सिगारेट कमी ओढतात. तंबाखू बाजूला काढून हिशेब लागतच नाही.

बापजाद्यांचं काय? नव्वदी गाठलेला आजोबा भिंतीवर फोटोत असतो. पंचेचाळिशीत तोंड उघडेनासं होऊन गेलेल्या चुलत्याचं घरात कुणी नावही काढत नाही. 'तेव्हा कॅन्सर नव्हता' हे तर सांगणार कोण? खेड्यांतल्या कॅन्सरची रीतसर नोंद ठेवायला आपल्या राज्यात सुरुवात झाली बार्शीत, १९८७ मध्ये. त्याआधी 'गाठ झाली', 'पोट फुगलं' म्हणून माणसं गेली.

मेसेज टाकणाऱ्या भावाला मागच्या हंगामात बांधावर पाहिलंय. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल नाही, हातात मोजे नाहीत. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं आणि ओल्या हातावरच तंबाखू-चुना मळायचा. कीटकनाशक पोटात जायचा याहून जवळचा रस्ता मला तरी माहीत नाही.