हामसुन, हामसुन काय लावलंय?

सकाळी सकाळी एका ग्रुपवर 'मातीतल्या कादंबऱ्या' म्हणून यादी आली. नॉर्वेच्या पुढे एकच नाव, क्नुट हामसुन. खाली नुसता बदामांचा पाऊस. डोकंच फिरलं.

१९२० चं नोबेल मिळालं त्याला, ठाऊक आहे. तेच पदक १९४३ साली त्याने हिटलरच्या प्रचारमंत्र्याला, गोबेल्सला, भेट दिलं आणि हिटलर मेल्यावर गौरवाचा मृत्युलेख लिहिला, हे कोण सांगणार? (लिहायचा जबरदस्त. बरं, मानलं.)

तार्येई वेसोस कुठाय त्या यादीत? तोही नॉर्वेचाच कादंबरीकार, टेलेमार्क भागातल्या विन्ये गावचा, १८९७ चा जन्म. थोरला मुलगा, म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचं शेत त्याच्याच गळ्यात यायचं. त्याने नको म्हटलं. आपल्याकडे थोरल्याने असं म्हणून बघावं! आणि गाव तरी कुठे सोडलं? तिथेच जवळ दुसऱ्या घरात १९७० पर्यंत राहिला, लिहीत राहिला. जर्मनांच्या ताब्यात देश असताना लिहिलेली कादंबरी लपवून ठेवली, १९४५ साली काढली.

त्याची 'द बर्ड्स' मी आमच्या आत्याला मराठीत सांगितली होती. मात्तिस मनाने लहानच राहिलेला, बहीण हेगे स्वेटर विणून दोघांचं पोट भरते. तो सलगमाच्या विरळणीला, म्हणजे ओळीतली दाट रोपं उपटायला जातो, पुढे एक तरुण जोडपं हसत-खेळत चाललेलं, आणि याचे हात गोंधळतात, ओळ मागे पडते. आत्या फटकन म्हणाली, "अशाला ओळीत कोण धरतं? पाणी वाटायला ठेवायचं." तिने धाकट्या भावाला जन्मभर असंच सांभाळलेलं.

हामसुनच्या 'ग्रोथ ऑफ द सॉइल'मधला इसाक जंगल तोडतो, घर बांधतो, जमीन वाढवतो. असा गडी सगळ्यांनाच हवा असतो. पण ज्याला ओळ धरता येत नाही त्याचं गावात काय होतं? घरावरून एक पक्षी उडत गेला म्हणून मात्तिस हरखून जातो आणि ते सांगायला त्याच्याकडे धड माणूस नाही. हे वाचताना मला दर वेळी आमचा काकाच दिसतो, त्याला मी काय करू.

हो, वेसोस संथ आहे. काही पानांवर काहीच घडत नाही. असू दे.

पुढे घरात एक लाकूडतोड्या येतो, हेगेचा जीव त्याच्यावर जडतो. मला वाटलं आत्या चिडेल, भावाचं काय म्हणून. ती म्हणाली, "करू दे की लग्न तिला. किती विणायचं?" या एका वाक्यापुढे मला ग्रामीण साहित्यावरचे सगळे परिसंवाद फिके वाटतात, राग आला तर येऊ दे.

आणि १९६४ मध्ये 'द आइस पॅलेस'साठी नॉर्डिक कौन्सिलचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या पैशातून त्याने पहिलं पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी पुरस्कार सुरू केला. एकाने पदक कुणाला दिलं, दुसऱ्याने पैसे कुणाला दिले, बघा.

यादीवाल्यांनी निदान 'द बर्ड्स' तरी वाचावी. प्रत माझ्याकडे आहे. परत देणार असाल तरच मागा.